अनुमत हास्याचा इतिहास : कोलोनचा कार्निव्हल आणि बाख्तिनची संकल्पना

१

समीक्षेच्या परिभाषेत काही संज्ञा अशा असतात की त्यांचा वापर जसजसा वाढतो तसतसा त्यांच्यामागील वस्तूचा विसर पडत जातो. 'कार्निव्हल' ही अशीच एक संज्ञा होय. मिखाईल बाख्तिन यांनी फ्रान्स्वा राब्लेवरील आपला प्रबंध १९४० साली पूर्ण केला. १९४६ मध्ये तो परीक्षकांपुढे आला आणि ग्रंथरूपाने प्रसिद्ध होण्यास १९६५ साल उजाडावे लागले. १९६८ मध्ये इंग्रजी भाषांतर झाल्यावर मात्र त्यातील कार्निव्हलची कल्पना जगभरच्या विद्यापीठांतून वेगाने पसरली. श्रेणीबद्ध जगाची तात्पुरती उलथापालथ, विदूषकाचा राज्याभिषेक आणि लगोलग त्याची पदच्युती, अन्नपानाचे व देहाच्या अधोभागाचे माहात्म्य, हसणाऱ्यालाही आपल्या कक्षेत ओढणारे सर्वसमावेशक हास्य, ही तिची लक्षणे आता सर्वपरिचित आहेत. मराठीतही तमाशातील सोंगाड्या किंवा शिमग्यातील बोंब यांचा विचार करताना ही संज्ञा सहज लेखणीवर येते.

या संकल्पनेवरील आक्षेपही तितकेच परिचित आहेत. मॅक्स ग्लकमन यांनी १९५४ मध्ये आग्नेय आफ्रिकेतील विधींच्या आधारे असे प्रतिपादन केले होते की, विधिबद्ध बंडाने व्यवस्था मोडत नाही, उलट ती दृढ होते. टेरी ईगल्टन यांनी १९८१ मध्ये आणि उंबेर्तो एको यांनी १९८४ मध्ये, वेगवेगळ्या भूमिकांवरून, कार्निव्हल ही परवाना मिळालेली मोकळीक आहे याकडे लक्ष वेधले. दुसरीकडे इमान्युएल ल रॉय लादुरी यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात, फ्रान्समधील रोमाँ या शहरातील १५८० चा कार्निव्हल कसा प्रत्यक्ष रक्तपातात परिणत झाला याची हकीकत मांडली. तेथे सोंगामागे करांचा व जमिनीचा खराखुरा संघर्ष होता आणि कारागिरांच्या पुढाऱ्याला आपला जीव गमवावा लागला.

मुक्ती की झडप, असा हा वाद मांडला जातो. परंतु दोन्ही पक्षांत एक गृहीत समान आहे. कार्निव्हलला स्वतःचा असा एक स्थिर स्वभाव आहे, तो ओळखला की त्यातील हास्याचा राजकीय अर्थही निश्चित होतो, असे दोघेही धरून चालतात. या गृहीताची परीक्षा सिद्धान्ताच्या पातळीवर होऊ शकत नाही. त्यासाठी एखाद्या शहराचा उत्सव दीर्घ काळाच्या पटावर पाहावा लागतो. जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या कोलोन शहराचा कार्निव्हल या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. त्याचा लिखित उल्लेख चौदाव्या शतकापासून मिळतो, १८२३ मध्ये त्याची जाणीवपूर्वक पुनर्रचना झाली, आणि त्यानंतरच्या २०० वर्षांत त्याने राजेशाही, लोकशाही व हुकूमशाही या तिन्ही राजवटींशी व्यवहार केला. उत्सव तोच, विदूषकाची टोपी तीच. हास्याचा अर्थ मात्र प्रत्येक वेळी वेगळा, असे येथे दिसते.

२

कार्निव्हलची व्याख्या त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या उपवासाने होते. ईस्टरपूर्वीचे, रविवार वगळून, ४० दिवस हा कॅथलिक परंपरेतील उपवासकाल. भस्मबुधवारी त्याचा प्रारंभ होतो. मध्ययुगात या काळात मांस, आणि बहुतेक ठिकाणी अंडी व दूधदुभतेही, वर्ज्य असे. साठवणीतले हे पदार्थ भस्मबुधवारापूर्वी संपवणे ही घरोघरची व्यावहारिक गरजच होती. कोलोनच्या बोलीत या दिवसांना 'फास्टेलोव्हेंद' म्हणतात. त्याचा सरळ अर्थ 'उपवासाची पूर्वसंध्या'. म्हणजे उत्सवाच्या नावातच त्याची मर्यादा सांगितलेली आहे. ईस्टर चांद्र गणनेने पुढेमागे सरकत असल्यामुळे या दिवसांची तारीखही दरवर्षी बदलते.

या उत्सवाचे मूळ रोमन काळातील सॅटर्नेलियापर्यंत नेण्याची हौस कोलोनमध्ये जुनी आहे. शहराला इ. स. ५० मध्ये रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला ही वस्तुस्थिती त्या हौसेला बळ देते. मात्र रोमन उत्सव आणि मध्ययुगीन फास्टेलोव्हेंद यांच्यामधील शतकांना जोडणारा पुरावा नाही. उपलब्ध असलेला जुना उल्लेख १३४१ सालचा, नगरपरिषदेच्या शपथपुस्तकातला आहे, आणि तो अत्यंत रोखठोक आहे : फास्टेलोव्हेंदच्या खर्चासाठी नगराच्या तिजोरीतून पैसा द्यावयाचा नाही. उत्सवाची लेखी कहाणी अशी एका नकारापासून सुरू होते.

पुढील शतकांतील नोंदींचे स्वरूपही फारसे वेगळे नाही. मुखवट्यांना बंदी, रात्रीच्या भटकंतीला बंदी, धर्मगुरूंच्या वेशाची टवाळी करण्यास बंदी, असे हुकूम वेळोवेळी निघत राहिले. ते पुन्हा पुन्हा काढावे लागले, याचा अर्थ ते पाळले जात नव्हते. कारागिरांच्या श्रेणींतील उमेदवार वाजतगाजत फिरत, खाद्यपदार्थ गोळा करीत, आपापल्या परंपरेचे नाच करीत. श्रीमंत घरांतून मेजवान्या झडत. मठांतूनही या दिवसांत शिस्त सैल होई. या साऱ्याला एक नियोजक नव्हता, एक मार्ग नव्हता, एक विषय नव्हता. बाख्तिन ज्याला चौकातली संस्कृती म्हणतात तिच्याशी या चित्राचे बरेच साम्य आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हे चित्र मिळते ते हसणाऱ्यांच्या लेखनातून मिळत नाही, मनाई करणाऱ्यांच्या कागदांतून मिळते. त्यामुळे त्यात उच्छृंखलपणा ठळक होतो आणि उत्सवाचा नित्य, घरगुती, निरुपद्रवी भाग पुसट होतो. लोकहास्याच्या मुक्ततेविषयीची आपली कल्पना काही अंशी पहारेकऱ्याच्या भीतीतून घडली आहे, हे सिद्धान्ताने सहसा विचारात घेतलेले नाही.

३

१७९४ च्या ऑक्टोबरात फ्रेंच क्रांतीच्या सेना कोलोनमध्ये शिरल्या. शतकानुशतके स्वतंत्र साम्राज्यनगरी म्हणून मिरविणाऱ्या या शहराचे स्वातंत्र्य तेथे संपले. १७९५ मध्ये नव्या राज्यकर्त्यांनी मुखवटे व मिरवणुकांवर बंदी घातली. समतेची घोषणा करणाऱ्या सत्तेलाही मुखवट्याआडचा माणूस संशयास्पद वाटला, ही बाब बोलकी आहे. १८०४ मध्ये बंदी उठली. परंतु दरम्यानच्या काळात कारागिरांच्या श्रेणी रद्द झाल्या होत्या, विद्यापीठ बंद झाले होते, १८०२ मध्ये मठ बरखास्त झाले होते. ज्या संस्थांच्या आधाराने जुना फास्टेलोव्हेंद उभा होता त्याच नाहीशा झाल्या होत्या. १८१५ मध्ये हे कॅथलिक शहर प्रशियाच्या प्रोटेस्टंट राजाच्या ताब्यात गेले.

उरलेला उत्सव रस्त्यावरचा आणि दारूच्या गुत्त्यांतला होता, आणि सुशिक्षित व्यापारीवर्गाला तो ग्राम्य व अधःपतित वाटू लागला होता. याच वर्गातील काही मंडळींनी १८२३ मध्ये 'उत्सव-नियोजन समिती' स्थापन केली. हाईनरिश फॉन विटगेनश्टाइन हे तरुण गृहस्थ तिचे पहिले अध्यक्ष. मातियास योझेफ देनोएल यांच्यासारखे साहित्यप्रेमी संग्राहक तिच्याभोवती होते. रोमँटिक चळवळीने दिलेली गतकालाची ओढ आणि लोकजीवनाविषयीचे कुतूहल या मंडळींच्या ठायी होते. पण त्यांना लोकजीवन हवे होते ते निवडून, झाडून-पुसून.

१० फेब्रुवारी १८२३ रोजी, भस्मबुधवारापूर्वीच्या सोमवारी, 'वीर कार्निव्हल'च्या राज्यारोहणाची पहिली नियोजित मिरवणूक निघाली. ज्या सुगंधी पाण्यामुळे या शहराचे नाव कोलनवॉटरच्या रूपाने आपल्याकडेही पोहोचले, ते बनविणाऱ्या झानोली घराण्यातील एक उद्योजक त्या दिवशी वीर झाला होता. १८२४ च्या मिरवणुकीत राजकन्या व्हेनेशिया या वीराच्या भेटीस आली. व्हेनिसच्या कीर्तिवंत कार्निव्हलशी आपले नाते जोडण्याचा तो रूपकात्मक प्रयत्न होता. सोमवारची ही मिरवणूक 'रोझनमोंटाग' या नावाने आजही उत्सवाचा कळस समजली जाते.

या नव्या रचनेचा बारकाईने विचार केला असता तिच्यातील चिन्हांचे दुहेरीपण लक्षात येते. पवित्र रोमन साम्राज्य १८०६ मध्ये विसर्जित झाले होते. स्वतःचे सार्वभौमत्व गमावलेल्या शहरात एका खोट्या सार्वभौमाचे राज्यारोहण साजरे होत होते. ते शोकगीतही होते आणि थट्टाही. याच वर्षी 'रोटे फुंकन' हे पथक उभे राहिले. साम्राज्यनगरीच्या जुन्या शिपायांची ही नक्कल : लाल-पांढरा गणवेश, हातात लाकडी बंदुका, आणि एकमेकांच्या पाठीला पाठ लावून, वाकून, बूड घासत करावयाचा एक हास्यास्पद नाच. वरवर ही आपल्याच निकामी सैनिकांची टवाळी. परंतु ज्या रस्त्यांवर रोज प्रशियाचे सैन्य कडक कवायत करीत होते त्याच रस्त्यांवर ही ढिली कवायत पाहताना प्रेक्षक कोणाला हसत होता हे सांगावे लागत नसे. पराभूताने स्वतःला हसावे आणि ते हसणे जेत्याला लागावे, अशी ही तिरकस योजना होती.

पण लगेचच दुसरी बाजूही समोर येते. कार्निव्हलच्या बैठकींत सर्वांनी एकसारखी विदूषकी टोपी घालण्याची प्रथा १८२७ मध्ये आली, आणि तिची सूचना करणारा माणूस प्रशियाच्या सैन्यातील एक सेनापती होता. समतेची ती खूण जेत्याच्या प्रतिनिधीने सुचविलेली होती. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८२८ मध्ये, राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने हुकूम काढला की, ऱ्हाईन प्रांतात जेथे कार्निव्हलची जुनी परंपरा असेल तेथेच त्याला परवानगी राहील. या हुकमाचे परिणाम दूरगामी होते. त्याने प्राचीनतेला प्रशासकीय मूल्य दिले. आपला उत्सव 'अनादि' आहे असे सांगणे हा आता केवळ अभिमानाचा विषय उरला नाही. तो परवान्याचा आधार बनला. परंपरा जेवढी जुनी तेवढे हसण्याचे स्वातंत्र्य निर्वेध, अशी ही विलक्षण तडजोड होती. रोमन मुळांच्या कथेला एकोणिसाव्या शतकात जे वजन आले ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावयास हवे.

४

येथे गोएठेचा दुहेरी संबंध लक्षणीय ठरतो. १७८८ मध्ये रोममध्ये पाहिलेल्या कार्निव्हलचे त्याने केलेले वर्णन १७८९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि बाख्तिन यांनी आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर दखल घेतली आहे. हा उत्सव कोणी लोकांना देत नाही, लोकच तो स्वतःला देतात, हे त्या वर्णनाचे मध्यवर्ती निरीक्षण बाख्तिनच्या संपूर्ण सिद्धान्ताच्या पायाशी आहे. परंतु याच गोएठेने १८२५ मध्ये कोलोनच्या उत्सवसमितीसाठी एक कविता लिहिली आणि तिच्या उपक्रमाला आपला आशीर्वाद दिला. कोलोनच्या सुधारकांना या कवितेने मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. म्हणजे, लोक स्वतःला देतात त्या उत्सवाचा वर्णनकार आणि समिती लोकांना देते त्या उत्सवाचा पुरस्कर्ता एकच होता. गोएठेला यात विसंगती वाटली नसावी; सुंदर रूप घेतलेला खेळ आणि बेबंद खेळ यांत त्याच्या मनाचा ओढा उत्तरायुष्यात कोणीकडे होता हे त्याच्या वाचकांना ठाऊक आहे. बाख्तिनच्या सिद्धान्तासाठी मात्र ही विसंगती निर्णायक आहे.

बाख्तिन यांच्या मते अस्सल कार्निव्हलमध्ये रंगमंच व प्रेक्षागृह यांना विभागणारी रेषा नसते. तेथे नट व प्रेक्षक असा भेद नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे रूप क्षीण होत गेले, एकीकडे ते सरकारी समारंभात आणि दुसरीकडे खाजगी घरगुती करमणुकीत विरून गेले, असे त्यांचे म्हणणे. या मोजपट्टीने १८२३ चा कोलोन हा ऱ्हासाचाच नमुना ठरेल. मिरवणुकीला मार्ग आला, म्हणजे मार्गाच्या दोन्ही बाजूंना प्रेक्षक आले. सभागृहातील बैठकींना प्रवेशशुल्क आले. पिंपाच्या आकाराच्या व्यासपीठात उभे राहून केलेली विनोदी भाषणे आली, आणि ती ऐकणारे, टोपी घालून ओळीने बसलेले श्रोते आले. बैठकीचे संचालन अकरा जणांचे विदूषकी मंडळ करी. दहा आज्ञांच्या पलीकडचा आणि बारा प्रेषितांच्या अलीकडचा हा अकराचा आकडा मूर्खांचा आकडा मानला जातो. पुढे उत्सवपर्वाचा प्रारंभही ११ नोव्हेंबरला, अकरा वाजून अकरा मिनिटांनी होऊ लागला. उधळपट्टीच्या उत्सवाने घड्याळ पाहून सुरू व्हावे, यात नव्या नागर वर्गाची सही स्पष्ट दिसते.

तथापि केवळ 'ऱ्हास' हा शब्द वापरून हा इतिहास निकालात काढता येत नाही. समितीची रचना एकाच वेळी वगळणारी आणि राजकीय शक्यता निर्माण करणारी होती. सभासदत्वाच्या वर्गणीमुळे सामान्य कारागीर बाहेर राहिला. स्त्रिया तर बैठकींच्या बाहेरच होत्या. पण ज्या राज्यात राजकीय सभा भरविण्यास वाव नव्हता आणि वृत्तपत्रांवर अभ्यवेक्षण होते, त्या राज्यात दरवर्षी शेकडो नागरिक एकत्र जमून, अध्यक्ष निवडून, भाषणे ऐकून, नियम करून स्वतःचा कारभार चालवीत होते. विदूषकी संसद ही संसदेची तालीम ठरली. १८४३ च्या मार्चअखेरीस कार्ल मार्क्स ज्याचे संपादन करीत होता ते कोलोनचे 'राईनिश त्साइटुंग' बंद पाडण्यात आले. त्याच सुमारास कार्निव्हलमंडळातही फूट पडली आणि फ्रान्त्स राव्हो यांच्या नेतृत्वाखाली कमी वर्गणीचे, अधिक खुले, लोकशाहीवादी मंडळ निघाले. हेच राव्हो १८४८ मध्ये फ्रँकफर्टच्या राष्ट्रीय संसदेचे सदस्य झाले आणि क्रांती फसल्यावर १८५१ मध्ये परागंदा अवस्थेत मरण पावले. जेम्स ब्रोफी या इतिहासकाराने ऱ्हाईन प्रांतातील कार्निव्हल आणि नागरिकत्व यांच्या या संबंधांचा सविस्तर अभ्यास केला आहे. मुक्त चौकाचा लोप झाला हे खरे; परंतु बंद सभागृहातील सुसंघटित हास्याने जे साधले ते चौकातल्या हास्याला साधले नव्हते.

वगळलेल्यांनीही आपला मार्ग शोधला. कोलोनच्या बाजारपेठेतील स्त्रिया भस्मबुधवारापूर्वीच्या गुरुवारी एकमेकींच्या डोक्यावरच्या टोप्या ओढून धमाल उडवीत. बॉनसमोरच्या बॉयेल गावातील धोबिणींनी १८२४ मध्ये आपली स्वतंत्र समिती स्थापन केली. ऱ्हाईनच्या काठावर शहरी धनिकांचे कपडे धुणाऱ्या या बायका होत. नवरे कोलोनला धुतलेले कपडे पोहोचवून तिथल्या उत्सवात रमत, तेव्हा गुरुवारचा दिवस त्यांनी आपला म्हणून घोषित केला. आज 'स्त्रियांचा गुरुवार' सर्वत्र साजरा होतो आणि त्या दिवशी पुरुषांचे नेकटाय कापले जातात. १८२३ चा उत्सव समितीने दिला, त्यातून वगळल्या गेलेल्यांनी एक उत्सव स्वतःला दिला. गोएठेची दोन्ही रूपे एकाच प्रदेशात, एका वर्षाच्या अंतराने, शेजारीशेजारी नांदत होती.

५

जर्मनीच्या १८७१ च्या एकीकरणानंतर 'वीर' जाऊन त्याच्या जागी 'राजपुत्र' आला. त्याच्या जोडीला शहराच्या चाव्या सांभाळणारा 'शेतकरी' आणि अजिंक्य नगरीचे प्रतीक असलेली, मस्तकी तटबंदीचा मुकुट धारण करणारी 'कुमारी' अशी तिघांची प्रतिमा स्थिर झाली. कुमारीची भूमिका परंपरेने पुरुष करीत आला. लिंगभेदाच्या या सोंगावरच पुढे एका हुकूमशाहीची दृष्टी पडली.

१९३३ नंतरचा कोलोनचा कार्निव्हल हा सिद्धान्तापुढील सर्वांत अवघड प्रश्न आहे. १९३४ च्या रोझनमोंटागला मिरवणुकीत एक चित्ररथ होता : पारंपरिक ज्यू वेश केलेली माणसे सामानसुमान घेऊन देशांतराला निघाली आहेत आणि शेवटचे उरलेलेही आता चालले, असा त्याचा आशय. १९३६ च्या मिरवणुकीत न्यूरेंबर्गच्या वंशभेदी कायद्यांवर, म्हणजे त्यांच्या बळींवर, हसणारा चित्ररथ निघाला. ज्यू सभासदांना मंडळांतून काढून टाकण्यात आले. १९२२ पासून चालत असलेले ज्यूंचे स्वतःचे कार्निव्हलमंडळ नष्ट झाले, आणि त्यातील लोकप्रिय विनोदी वक्ता हान्स डेव्हिड टोबार याला १९३९ मध्ये अमेरिकेचा आश्रय घ्यावा लागला.

या काळातील एक घटना 'मूर्खांचे बंड' म्हणून प्रसिद्ध आहे. १९३५ मध्ये पक्षप्रणीत करमणूकसंघटनेने उत्सव ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मंडळांच्या अध्यक्षांनी टोमास लीसेम यांच्या पुढाकाराने त्याला विरोध केला आणि संघटनात्मक स्वायत्तता टिकविली. युद्धानंतर ही घटना प्रतिकाराची गाथा म्हणून सांगितली गेली. लीसेम स्वतः नाझी पक्षाचे सभासद होते आणि युद्धोत्तर काळात उत्सवाची धुरा पुन्हा त्यांच्याच हाती आली. कार्ल दीतमार व मार्कुस लाईफेल्ड यांच्या २०१० मधील संशोधनाने या गाथेचा मुलामा उतरविला. टिकली ती नियोजनाची मालकी. चित्ररथांवरील आशयाला मंडळांनी विरोध केला नाही. बंडाचा वर्ष पाहिला असता हे अधिकच स्पष्ट होते : १९३४ चा चित्ररथ त्यापूर्वीचा, १९३६ चा त्यानंतरचा.

खरा विरोध एकट्याने केला. कार्ल क्युपर हा वक्ता व्यासपीठावर येताना नाझी अभिवादनासारखा हात वर करी, आणि आमच्या तळघरात घाण इतकी उंच साचली आहे अशा अर्थाचे काही बोलून त्या हाताचा अर्थच बदलून टाकी. एकच हावभाव, दोन अर्थ आणि त्यांच्यामधील क्षणभराचा विलंब; सत्तेच्या गंभीर चिन्हाला देहाच्या, तळघराच्या, चिखलाच्या पातळीवर उतरविण्याची ही क्रिया बाख्तिनच्या परिभाषेतील 'अवनयना'चे निखळ उदाहरण होय. १९३९ मध्ये त्याच्यावर आजन्म भाषणबंदी घालण्यात आली. १९३८ व १९३९ या दोन वर्षी राजवटीच्या आग्रहाने कुमारीची भूमिका प्रत्यक्ष स्त्रियांना देण्यात आली. स्त्रीवेशातील पुरुष नव्या नीतीला खपत नव्हता.

आता कालगणना ध्यानात घ्यावी. सर्वांना सामावून घेणाऱ्या, कोणालाही बाहेर न ठेवणाऱ्या लोकहास्याचा सिद्धान्त बाख्तिन सोव्हिएत राजवटीच्या छायेत लिहीत होते, त्याच दशकात कोलोनच्या रस्त्यावर हजारो लोक हसत होते, आणि ते हास्य शेजाऱ्याला शहराबाहेर घालविणारे होते. मुखवटे होते, उलथापालथ होती, खाणेपिणे होते, गर्दी होती. बाख्तिननी सांगितलेली बाह्य लक्षणे बहुतेक सर्व होती. हा कार्निव्हल 'अस्सल' नव्हे असे म्हणून सिद्धान्त वाचविता येतो. पण मग अस्सलपणाची कसोटी रूपात राहत नाही, आशयात जाते. आणि कार्निव्हल हे रूपच मुक्तिदायी आहे हा दावा मागे घ्यावा लागतो.

६

१९४९ च्या फेब्रुवारीअखेर, ढिगाऱ्यांनी वेढलेल्या शहरातून पुन्हा मिरवणूक निघाली. तिच्यातील आनंद खरा होता यात संशय नाही. परंतु पुनरारंभ हाही निवडीचाच प्रकार असतो. कुमारीची भूमिका पुन्हा पुरुषाकडे आली, कारण तो बदल नाझींनी लादलेला होता. उलट, पथकांपुढे नाचणाऱ्या 'मारीशन'ची भूमिकाही पूर्वी पुरुषच करीत आणि तीही तीसच्या दशकातच स्त्रियांकडे गेली होती; तो बदल मात्र तसाच राहिला. परंपरा कोणती आणि लादणूक कोणती, याचा निर्णय सोयीने झाला. कार्ल क्युपरनेही पुन्हा बोलावयास सुरुवात केली होती. जुनीच माणसे जुन्याच खुर्च्यांवर परतत असल्याची थट्टा त्याने १९५० च्या दशकारंभी केली, तेव्हा अधिकृत बैठकींची दारे त्याला पुन्हा बंद झाली. एकाच विदूषकाला हुकूमशाहीने बंदी घातली आणि लोकशाहीतील उत्सवसमितीने दूर ठेवले. दोन्ही कृतींची क्रूरता सारखी नव्हती. पण दोन्ही वेळी निर्णय नियोजकांचा होता.

म्हणूनच पुढील काळातील नावीन्य समितीच्या बाहेरून आले. १९८४ मध्ये विद्यार्थ्यांनी व नाट्यकर्मींनी 'स्टुंकझिट्झुंग' ही पर्यायी बैठक सुरू केली. प्रतिष्ठित बैठकींची नक्कल हाच तिचा विषय. १८२३ च्या मंडळींनी प्रशियाच्या कवायतीचे विडंबन केले होते, आता त्यांच्याच वारसांच्या समारंभाचे विडंबन होऊ लागले. १९९१ मध्ये आखाती युद्धामुळे रोझनमोंटागची अधिकृत मिरवणूक रद्द झाली. तरीही काही लोक रस्त्यावर उतरले, युद्धविरोधी निदर्शन आणि सोंग एकत्र झाले, आणि त्यातून 'भुतांची मिरवणूक' ही रात्रीची नवी प्रथा जन्मली. तिच्यात कोणीही सामील होऊ शकतो. नट-प्रेक्षक भेद नसलेला चौक विसाव्या शतकाच्या अखेरीस, एका रद्द झालेल्या कार्यक्रमाच्या फटीतून परत आला.

समितीचे सामर्थ्य आणि तिची भीती ही दोन्ही अलीकडेही दिसली. २०१५ मध्ये पॅरिसमधील शार्ली एब्दोवरील हल्ल्यानंतर, दहशतवाद्याच्या बंदुकीच्या नळीत पेन्सिल खुपसणाऱ्या विदूषकाचा चित्ररथ लोकांच्या मताने निवडण्यात आला होता. समितीने तो मागे घेतला. २०१७ मध्ये ज्यूंचे कार्निव्हलमंडळ नव्या नावाने पुन्हा उभे राहिले. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर अवघ्या चार दिवसांनी, २८ फेब्रुवारीच्या रोझनमोंटागला, नियोजित कार्यक्रमाऐवजी शांतिमोर्चा निघाला आणि सुमारे अडीच लाख लोक वेशभूषेसह त्यात चालले. १८२३ च्या रचनेला २०२३ मध्ये २०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा मिरवणुकीने प्रथमच ऱ्हाईन ओलांडली.

७

भस्मबुधवाराच्या आदल्या रात्री कोलोनच्या गुत्त्यांबाहेर टांगलेला 'नुब्बेल' हा गवताचा पुतळा खाली उतरविला जातो. उत्सवकाळात उधळलेले पैसे, घडलेले व्यभिचार, वाया गेलेले दिवस या सर्वांचा आरोप त्याच्यावर ठेवून त्याला जाळण्यात येते. जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की दोष आपलाच आहे. दोष बाहुल्यावर टाकून हसणे आणि दोष शेजारच्या माणसावर टाकून हसणे, यांचे रूप जवळजवळ एकच आहे. अंतर आहे ते लक्ष्याचे. पहिल्यात हसणारा स्वतः हास्याच्या कक्षेत राहतो, दुसऱ्यात तो स्वतःला बाहेर काढून घेतो. बाख्तिन यांनी कार्निव्हली हास्याचे हे स्वसमावेशक लक्षण अचूक ओळखले होते. ते कार्निव्हलमध्ये आपोआप असते, असे मानणे ही मात्र सिद्धान्ताची चूक होय.

गोव्यातील इंत्रुजकडे पाहतानाही हा भेद उपयोगी ठरतो. पोर्तुगीज वारशातून आलेल्या या उत्सवाला पणजीत १९६५ पासून किंग मोमोच्या नियोजित मिरवणुकीचे रूप मिळाले आणि पुढे पर्यटनाशी त्याची सांगड बसली. साष्टीच्या गावांतून याच दिवसांत होणारे 'खेळ' ही मात्र गावाने स्वतःला दिलेली गोष्ट आहे. एक अस्सल आणि दुसरे नकली, अशी त्यांची वाटणी करणे सोपे आहे. कोलोनचा इतिहास त्या सोपेपणाविरुद्ध सावध करतो. नियोजित मंडळातूनच राव्हो उभा राहिला, आणि मोकळ्या रस्त्यावरच्या गर्दीने १९३४ च्या चित्ररथाला दाद दिली.

साहित्यकृतीतील एखादे हास्य 'कार्निव्हली' आहे असे म्हणण्यापूर्वी समीक्षेने म्हणून काही साधे प्रश्न विचारावयास हवेत. या हसण्याला परवानगी कोणाची आहे? ते कोणावर पडते, आणि हसणारा स्वतः त्याच्या कक्षेत येतो काय? ज्यांना टोपीच दिली गेली नाही ते कोठे उभे आहेत? या प्रश्नांची उत्तरे रूपाच्या लक्षणांतून मिळत नाहीत. ती त्या त्या शहराच्या, त्या त्या वर्षाच्या इतिहासात शोधावी लागतात. १३४१ च्या नगरपरिषदेने उत्सवासाठी पैसा द्यावयास नकार दिला होता. त्या नकारामुळे फास्टेलोव्हेंदची जबाबदारी हसणाऱ्यांवरच राहिली, आणि हास्याचा अर्थ शेवटी त्यांनाच ठरवावा लागतो.